सपाट जमीन

"सपाट जमिनीवर सायकलच्या गिरक्या घ्यायला कसली हिंमत लागती?" हारून मामेबहिणीला, शगुफ्ताला, रोज चिडवायचा. तो स्वतः उंच उतारावरनं सायकल सोडायचा. आज त्याची बीएमएक्स, ती कसरतीची सायकल, पंक्चर झाली, म्हणून तिचीच सायकल उचलून तो मैदानातल्या उंच रॅम्पवर, त्या उतरत्या फळीवर चढला. पुढचं चाक काठावर आलं. बोटांनी सवयीनं हँडल चाचपलं, पण ब्रेकची दांडी हाताला लागलीच नाही.

"शगुफ्ता, हिचा ब्रेक कुटं हाय?"

"हँडल गरगर फिरवताना वायर गुंतती. कधीच काढून टाकला."

"मग थांबतीस कशी?"

"फिरत्या चाकावर पाय दाबून. ये खाली, शिकवते."

सायकल खांद्यावर घेऊन हारून पायऱ्यांनी उतरला.

"हं, घे गिरकी," ती म्हणाली.

वर लटपटले नव्हते एवढे त्याचे पाय खाली लटपटू लागले.