कुत्र्याचं शेवटचं वाक्य

ब्रोनेक दर शनिवारी बायकोला मूकपटाला न्यायचा. शूर कुत्र्याची मालिका होती, आठवड्याला एक भाग. पडद्यावर इंग्रजी पाटी आली की तो यादविगाला ती पोलिशमध्ये वाचून दाखवायचा आणि मागच्या रांगेतली पोलिश मंडळीही कान टवकारायची. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली तरी ब्रोनेकला इंग्रजी अक्षर ओळखू येत नव्हतं. पण थापांना कुठे लिपी लागते?

आज कुत्रा नदीवर दोरीला लोंबकळत होता. खलनायकाने सुरी उगारली आणि नेमकी शेवटची पाटी आली.

"कुत्रा म्हणतोय," ब्रोनेकने घसा खाकरला, "काप लेका, मला पोहता येतं."

मागची रांग खूश.

यादविगा त्याच्या कानाशी लागली. "शेवटची पाटी दर शनिवारी हीच असते रे. तीच वळणं, तीच अक्षरं. कुत्रा मात्र दर वेळी वेगळं बोलतो."

ब्रोनेक टोपी उचलून घाईघाईने उठायला लागला.

"थांबा, अजून एक ओळ राहिली," ती मागे वळून मोठ्यांदा म्हणाली. "कुत्रा म्हणतोय, घरी जाताना नवऱ्याने बायकोला जॅम भरलेले पाँचकी खाऊ घालावेत."

मागच्या रांगेतल्या बाईने आपल्या नवऱ्याला कोपर मारलं. "ऐकलंस ना? खुद्द कुत्र्याने सांगितलंय."