संगमेश्वरचा तपास

तिसरं पत्र आलं तेव्हा उज्वलाने ते उघडलंच. पाकिटावर ‘संगमेश्वर बिरादार’ असं ठळक नाव होतं, पत्ता मात्र तिच्याच खोलीचा. आत नांदेडच्या एका फायनान्स कंपनीने लाल अक्षरांत लिहिलं होतं, सात दिवसांत थकबाकी न भरल्यास घरी येऊन जप्ती.

तिने खोलीभर नजर फिरवली. जप्त करण्यासारखं म्हणजे शेगडी, पस्तीस डबे आणि मंजुश्रीची पुस्तकं.

मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी ती जूनमध्ये शिरूर अनंतपाळहून लातूरला आली होती. फी निघावी म्हणून क्लासच्या पोरांना डबे द्यायची. इमारतीतले सगळेच भाडेकरू असे, लेकरांच्या क्लासपायी आलेले. दरवर्षी नवे चेहरे. आधीच्या भाडेकरूला पाहिलेलं कुणी नव्हतं. घरमालक देवणीला राहायचे. ते फोनवर म्हणाले, “भाडं मोबाईलवर यायचं बाई. तोंड बघायचं काम पडलं न्हाई.”

गुरुवारी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी, काखेत फाईल.

“फायनान्सकडून आलो. मी अमरेश. संगमेश्वर बिरादार...”

“न्हाई राहत इथं!” उज्वला लाटणं घेऊनच बाहेर आली. “कोण कुठला त्यो, मला म्हाईत न्हाई. अन् जप्ती माझ्या डब्याची?”

तो दोन पायऱ्या खाली उतरला. “ताई, लाटणं खाली घ्या. मी तुमच्याच बाजूनं हाय.”

आणि तो खरंच होता. पत्रं परत पाठवू नका, म्हणाला. परत गेली की हापिसातले चिडतात, दांडगी माणसं धाडतात. त्यापेक्षा ठेवून द्या, मी दर गुरुवारी येऊन नेत जाईन.

“दुसरं कुणी चौकशीला आलं तर?”

“हैदराबादला गेला म्हणून सांगा.”

“गेलाय का?”

“तपास त्याच दिशेनं चालूय.”

मग दर गुरुवारी अमरेश यायचा. पत्रं घ्यायचा, कुणी आलं होतं का ते विचारायचा. उज्वला त्याच्यासाठी दोन चपात्या बाजूला काढून ठेवू लागली. उन्हातान्हात दुसऱ्याच्या कर्जापायी वणवण करणारा माणूस.

“किती दिवसांपासून शोधताय त्याला?” तिने एकदा विचारलं.

“दीड वर्ष.”

“अन् सापडंना?”

“लई हुशार हाय,” अमरेश म्हणाला. “मोबाईलचं दुकान टाकलं होतं, बसलं. तसा माणूस वाईट न्हाई.”

“वाईट न्हाई? त्याच्यापायी माझी झोप उडाली!”

अमरेशने खाली बघत चपातीचा तुकडा मोडला.

खालच्या मजल्यावर शेषेराव राहायचे. त्यांनी त्याच कंपनीच्या कर्जावर मोटारसायकल घेतली होती आणि सहा हप्ते थकवले होते. अमरेशला ते कळलं. त्याने जिन्यातच अर्धा तास त्यांना धरून बसवलं.

“काका, हप्ता बुडवणाऱ्याला रस्त्यानं सरळ चालता येत न्हाई. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला थांबून आधी डोकवावं लागतंय. हे काय जगणं हाय का?”

शेषेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहाच्या सहा हप्ते भरले. ते ऐकून इमारतीतल्या त्याच कंपनीच्या आणखी दोघा कर्जदारांनीही भरले.

पंचाईत झाली ती वेगळीच. कणीक मळायच्या मशीनसाठी उज्वलाने बँकेत कर्जाचा अर्ज केला. साहेबाने पत्ता पाहिला आणि कागद परत सरकवला. “हा पत्ता थकबाकीत आहे. तो माणूस आता तिथं राहत नाही असं त्या कंपनीचं पत्र आणा.”

“आणून देतो,” अमरेश म्हणाला. तीन गुरुवार तेच म्हणाला.

“मीच जाते नांदेडला, तुमच्या हापिसात.”

“नको ताई! तिथल्या मॅडम लई कडक हायेत. माझीच नोकरी जायची.”

उज्वलाला त्याची कीव आली. एवढा गुणी माणूस आणि हापिसात त्याला असा धाक! आपलं पत्रही आणावं आणि त्याच्यासाठी दोन शब्दही टाकावेत, असं तिने ठरवलं. सोमवारी डबे पोचवून, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन तिने नांदेडची बस धरली. अमरेशला काही सांगितलं नाही.

आबेदा मॅडम मुळीच कडक नव्हत्या. त्यांनी भाडेकरार पाहिला, चहा मागवला आणि दहा मिनिटांत सही-शिक्क्याचं पत्र हातात दिलं.

उज्वलाचा जीव भांड्यात पडला. तिने चटणीची पुडी टेबलावर ठेवली. “मॅडम, अजून एक. तुमचा लातूरचा अमरेश. दिवा घेऊन शोधला तरी असा माणूस मिळायचा न्हाई. त्याला बढती द्या.”

“कोण अमरेश? लातूरला आमचा माणूसच नाही, बाई. दोन वर्षं झाली, जागा रिकामी आहे.”

उज्वलाने गुरुवारच्या चकरा सांगितल्या, शेषेराव सांगितले, जिन्यातलं भाषण शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. ऐकता ऐकता आबेदा मॅडमनी कॉम्प्युटरकडे मान वळवली.

“अच्छा! तुमच्या इमारतीतली तीन बुडीत खाती एका आठवड्यात भरली. मी म्हणतच होते, ही करामत कुणाची?” त्या पुढे झुकल्या. “दुसऱ्या एखाद्या एजन्सीचा असेल. कुणाचा का असेना, त्याला माझ्याकडे पाठवा. पगार देते, पेट्रोल देते.”

“देवच पावला म्हणायचा त्याला!”

“पण पहिलं काम अवघड देणार हं.” मॅडमनी कपाटातून एक जाडजूड फाईल काढली आणि उघडून तिच्यासमोर फिरवली. “हा तुमचा संगमेश्वर. आमच्या चार माणसांना सापडला नाही. ह्याला धरून आणला, की त्याची नोकरी पक्की.”

अर्जावर फोटो चिकटवलेला होता. मिशा तेवढ्या जास्त होत्या, बाकी अमरेश जसाच्या तसा.

उज्वलाने चटणीची पुडी उचलून परत पिशवीत टाकली.

“पाठवते की,” ती म्हणाली. “दोघांनाबी.”