पाहुणीचा कोपरा

दुसरी फेरी संपल्याची घंटा झाली आणि सोलोंगो धापा टाकत कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसली. वसंतरावांनी तिच्या तोंडातलं माउथगार्ड काढून धुतलं, घोटभर पाणी पाजलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला. समोरच्या कोपऱ्यात त्यांची सख्खी नात बसली होती, हरिणी. तिच्याकडे त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही.

मद्रासच्या एग्मोरमधला तो बॉक्सिंगचा हॉल नुसता दणाणत होता. "इंडिया! इंडिया!" हरिणीचा ठोसा हवेत गेला तरी टाळ्यांचा कडकडाट, आणि मंगोलियाच्या या पोरीनं नाकावर सणसणीत ठेवून दिली तरी सगळे चिडीचूप.

"वसंतराव, जनाची नाही तर मनाची तरी!" पहिल्या रांगेतून उमाकांत ओरडले. बँकेतून निवृत्त झालेले, महाराष्ट्र मंडळातले जुने स्नेही. "नात तिकडे, अन् तुम्ही या चिनी पोरीला पाणी पाजताय?"

आता काय सांगणार? सोलोंगोच्या कोचला सकाळीच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. असं झालं की यजमानांनी आपला माणूस पाहुण्याच्या कोपऱ्यात द्यायचा, ही इथली जुनी रीत. पण आज एकाची कंबर धरली, दुसऱ्याला नेमका घरून फोन आला. शेवटी पंचाहत्तरीचे वसंतराव गुडघे धरत उठले. हरिणीला विचारलं, "चालेल ना गं?" ती हातांना पट्ट्या गुंडाळत म्हणाली, "तुम्हीच बसा, आजोबा. पावम, एकटी आहे बिचारी."

ते उठले, कारण त्यांना रायपुरमच्या पोरांना बॉक्सिंग शिकवणारा लूर्दु मास्टर आठवला. सांगलीहून एक ट्रंक घेऊन वसंता पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरीला आला, तेव्हाची गोष्ट. रायपुरमच्या वाळूत, कंदिलांच्या उजेडात पहिली लढत. "वडक्कन! वडक्कन!" उत्तरेकडचा, म्हणजे परकाच; अख्खी गल्ली त्याच्या नावानं बोंबलत होती. कोपऱ्यात चिटपाखरू नाही. तेव्हा हा मास्टर लुंगी खोचून दोरांखालून आत आला, आपल्याच गल्लीतल्या पोराच्या विरुद्ध. त्याचं तमिळ वसंताला ओ की ठो कळेना. मग त्यानं हातांनी दाखवलं: तो पोरगा खाली वाकताना डोळे मिटतो, बघ. तेवढ्यावर वसंता जिंकला. गल्लीनं मास्टरला शिव्यांची लाखोली वाहिली, आणि लगेच त्याच गल्लीनं त्याला आणि वसंताला मांडीला मांडी लावून बसवलं आणि तळलेले मासे खाऊ घातले. काय माणसं होती! कसलं मद्रास होतं ते!

पण आठवणीत रमायला वेळ कुठे होता? दोन फेऱ्यांनंतर दोघी बरोबरीत होत्या. आज जिंकली की हरिणीचं नाव रेल्वेच्या नोकरीसाठी पुढे जाणार होतं, आणि तिची एकच खोड फक्त वसंतरावांना ठाऊक होती. उजवा ठोसा मारला की पोरगी डावा हात खाली सोडायची. "हात वर, हरिणी!" असं सांगून सांगून त्यांच्या जिभेला फोड यायचा राहिला होता.

सांगावं की गिळावं? सोलोंगो मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. आपल्याला इथं कोण आहे, असंच तिचे डोळे म्हणत होते.

वसंतरावांनी उजवी मूठ पुढे नेली, डावा हात कमरेपर्यंत खाली सोडला आणि आपल्याच उघड्या पडलेल्या गालावर बोट ठेवलं. सोलोंगोनं मान हलवली. तिला कळलं. नातीच्या पानात आपणच माती कालवली, असं त्यांना वाटलं.

तिसरी, शेवटची फेरी. हरिणीनं उजवा मारला आणि वाटच बघत असलेली सोलोंगो त्या गालावर झेपावली. पण हरिणीचा डावा हात जागचा हलला नव्हता. ठोसा तिच्या ग्लोव्हवर आदळला. झेपावलेली सोलोंगो पुरती उघडी पडली, आणि हरिणीनं तिला खाली बसवलं.

निकाल हरिणीचा. हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. रिवाजाप्रमाणे ती पाहुणीच्या कोपऱ्यात आली, सोलोंगोला मिठी मारली, आजोबांपुढे वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "तुम्ही सांगणार, ठाऊक होतं मला. म्हणून हात खाली घेतलाच नाही."

वसंतरावांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. डोळे पुसायला त्यांनी टॉवेल उचलला, तोवर लोकांनी हरिणीला खांद्यावर उचलून पळवलंसुद्धा.

"मानलं बुवा तुम्हाला!" उमाकांत धावत आले आणि त्यांनी वसंतरावांच्या पाठीवर थाप मारली. "काय गंडवलंत हो त्या पोरीला! नेमकी उलटी खूण केलीत!" मागून कुणीतरी शिट्टी मारली. "सूपर, मास्टर!" सगळी रांग त्यांच्याकडे बघून अंगठे वर करून हसत होती.

"अहो, नाही हो! मी खरंच सांगितलं तिला!" वसंतराव ओरडले. लोक आणखीच हसले.

ते वळले. सोलोंगो एकदा त्या अंगठ्यांकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होती.

"नो, नो," ते म्हणाले. "ट्रू. आय टोल्ड ट्रू." आणि तिचे ग्लोव्हज काढायला त्यांनी हात पुढे केले.

सोलोंगोनं आपले हात मागे घेतले, मान खाली घातली आणि मनगटावरचा पट्टा दातांनी ओढून काढू लागली.