लवकर सुटलेला माणूस

लटारू चावडीजवळ आला तसं तिथलं बोलणं थांबलं. तो ब्रह्मपुरीहून पायी आला होता. घराच्या आढ्यासाठी सागाचं एक झाड तोडलं म्हणून परवाच त्याला धरून नेलं होतं. धरून नेलेला माणूस गावाला एकदम पुढच्या हंगामातच दिसायचा. हा तर तिसऱ्या दिवशी समोर उभा.

"जामीन झाला," तो हसून म्हणाला. कोणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात जंगलाच्या गार्डाने गावातल्याच पत्रूच्या धानाच्या तणसीच्या ढिगातून सागाचे वासे ओढून काढले. ते तिथे आहेत हे गावाला ठाऊक होतं, गार्डाला नव्हतं. पत्रू लटारूकडे बोट करून भर चौकात ओरडला, "यानंच सांगतलं! नाईतर याले फुकट कोन सोडते?"

लटारू सांगू लागला. कोर्टात एक वकील भेटला होता. राज्य आता आपलं आहे, त्याची घटना झाली आहे, असं तो म्हणाला होता. माणसाला धरलं तर का धरलं ते सांगावं लागतं. वकील करू द्यावा लागतो. चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं. अशा लहान गुन्ह्यात जामीन मागणं हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. बाजारातला कापडवाला नूर मोहम्मद त्याला ओळखत होता, तो जामीन राहिला. एवढीच गोष्ट. पण ती अर्धी होईतो चौक रिकामा झाला होता.

पावसाळ्यात धानाच्या रोवणीला त्याच्या शेतात, बांधीत, कोणी आलं नाही. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, पोरगी वैनगंगेपार दिलेली. त्याने एकट्याने जमेल तेवढा धान रोवला, बाकीचं पाणी तसंच चमकत राहिलं. विडीला विस्तव मागावा तर समोरचा माणूस उठून जाई.

खटल्याची तारीख आली की मात्र त्याला बरं वाटे. शिपाई कोर्टाच्या दारात येऊन मोठ्याने पुकारा करी, "लटारू हाजीर है?" सगळ्या महिन्यात त्याचं नाव तेवढं एकदाच कोणाच्या तोंडून निघे.

दिवाळीच्या सुमारास, पुरावा नाही म्हणून, तो निर्दोष सुटला. त्या दिवशी परत येताना तो वाटेत मोहाच्या झाडाखाली बराच वेळ बसून राहिला. आता पुढची तारीख नव्हती.

थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी पत्रूची बायको बुधरी त्याच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. लाकडाच्या ठेकेदाराच्या मुकादमाशी पत्रूची हाणामारी झाली होती. पोलिसांनी त्याला नेलं होतं.

तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "लटारूभाऊ, तुमी एवढ्या लवकर कसे सुटले होते जी?"

लटारूच्या हातातला विळा तसाच राहिला. गावात कोणी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं.

त्याने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. पहाटे दोघं ब्रह्मपुरीला निघाले.

ठाण्यावर तो जमादारापुढे उभा राहिला. "साहेब, पत्रूले कायच्यासाठी धरलं? कोर्टात कधी नेता?"

जमादाराने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले कोनं शिकवलं हे?"

"शिकलो, साहेब."

दुपारी पत्रूला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. तोच वकील बोलला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, जामीनदार कोण? लटारू पुढे झाला. आपली बांधी आणि बैलजोडी सांगून त्याने कागदावर अंगठा उठवला. पत्रू खाली मान घालून उभा होता.

परतीच्या वाटेवर बुधरी पुढे निघून गेली. हे दोघं मागे. गावाची कौलं दिसू लागली आणि पत्रूचे पाय थांबले.

"लटारू, दुसऱ्याच दिवशी कसा सुटलो म्हून लोक इचारतीन मले."

"इचारनार नाईत."

खालून कोणाच्या तरी ढोरांच्या घंटा ऐकू येत होत्या. पत्रूला हळूहळू सगळं समजत गेलं. तो वाटेतच मटकन खाली बसला.

"मंग आता माह्यासंगं बी कोनी बोलनार नाई?"

लटारू त्याच्याशेजारी टेकला.

"मी बोलीन ना," तो म्हणाला.