एकापुरतं औषध

खलात गोळ्या कुटून झाल्या. औषधवाल्याने पूड तोलली, पुन्हा तोलली. तिसऱ्यांदा तोलून ती वाढणार थोडीच होती! नवा माल येणार नव्हता, आणि उरलेलं औषध एकापुरतंच होतं.

आजारी मात्र दोघं होती. त्याची थोरली बहीण, ताई, आणि तिचे यजमान, भाऊजी. दोघांच्याही छातीला एकच दुखणं लागलेलं. अर्धं अर्धं दिलं असतं तर दोघंही हातची गेली असती.

त्याने पुड्यांचे दोन गठ्ठे बांधले. एकावर 'ताई' लिहिलं, त्यात औषध. दुसऱ्यावर 'भाऊजी', त्यात निव्वळ दुधाची साखर. चवीवरून कळू नये म्हणून दोन्हींत कडू अर्क घातला. जन्मात कुणाला गुंजभर कमी न दिलेला माणूस तो. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच त्याला लाज वाटली.

पुड्या न्यायला भाऊजी आले.

"ज्याच्या त्याच्या नावाच्याच घ्यायच्या," त्याने बजावलं. "ताईची मात्रा वेगळी आहे."

"अरे, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" भाऊजी हसले आणि खोकून खोकून वाकले. "तुझ्यासारखा मेहुणा असल्यावर मरतंय कोण!"

तो उगाच बाटल्या पुसत राहिला.

दर सोमवारी भाऊजी येत. पाचव्या सोमवारी ते दुकानाच्या पायऱ्या न थांबता चढले. तोंडाला चव आली म्हणाले. विझताना दिवा मोठा होतोच, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्यांच्या डोळ्यांत बघायचं धाडस त्याला होईना.

"ताई कशी आहे?"

"बरी आहे म्हणते. तू मात्र घरी यायचं नाहीस, तुला लागण होईल, असा तिचा हुकूम आहे."

सातव्या सोमवारी भाऊजी आले आणि पायरीवरच थांबले.

"पहाटे गेली रे," ते म्हणाले.

त्याने हातातली बाटली खाली ठेवली. "औषधात काही..."

"औषध चोख होतं. माझ्याकडे बघ की. तुझा काही दोष नाही." भाऊजींनी डोळे पुसले. "हट्टी होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, माझ्या भावाला मी ओळखते, वाटणीत चांगलं ते तो मलाच देणार. तेव्हा माझ्या पुड्या तुम्ही घ्या, तुमच्या मी घेते."