लाल कागद

रंगाऱ्याच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. पाहुणे परतले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला चिनी मंडळींच्या जुन्या सभागृहाचं काम मिळालं. सरकारी बाई बघायला यायच्या होत्या. इमारत नांदती दिसली तर वारशाच्या यादीत जाणार, नाहीतर पाडून रस्ता रुंद होणार.

"लखलखीत कर," चावीवाल्या आजींनी बजावलं.

त्यानं केलं. खांब धुतले, जळमटं काढली. मागच्या भिंतीवर नावं कोरलेल्या दोनशेक लाकडी पाट्या होत्या. बावीस पाट्यांवर लाल कागद चिकटवलेले, विटलेले, कडा सुटलेल्या. ओल्या फडक्यानं त्यानं एकेक सोलून काढला. खालची सोनेरी अक्षरं झळकली तसा गडी स्वतःवरच खूश झाला.

सकाळी आजी आल्या, भिंत पाहिली आणि मटकन बाकावर बसल्या.

"अरे बाबा, एका दिवसात बावीस माणसं मारलीस की रे!"

रंगाऱ्याच्या हातातलं फडकं गळालं.

"आम्ही जिवंत माणसाचंही नाव कोरून ठेवतो, पण त्यावर लाल कागद लावतो. तो माणूस गेल्यावरच काढायचा."

"मग... तुमचं?"

"तिसऱ्या ओळीत. छान चमकवलंयस."

तेवढ्यात सरकारी बाई आल्याच. अभ्यास करून आल्या होत्या. पाट्यांवरून नजर फिरवत म्हणाल्या, "लाल कागद एकही नाही. म्हणजे मागे कुणी उरलं नाही." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आजी बाकावरून उठेपर्यंत रंगारीच पुढे झाला.

"बाई, दहा मिनिटं थांबा. मेलेल्यांना बोलावून आणतो."

तो गल्लीभर ओरडत सुटला. चपलांचे दुकानदार एका हातात बूट घेऊन आले. दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट आल्या, मागोमाग त्यांचा पेशंट गाल धरून. लाँड्रीवाले मामा येता येताच गरजले, "मला मारलंस? माझ्या बायकोला तरी विचारायचंस! किती वर्षं ती त्याच खटपटीत आहे."

"गप्प बसा," मामी म्हणाल्या, "आधी माझं नाव झाका."

पंधरा जण जमले. बाकीच्या सातांनी फोनवरून रंगाऱ्याचा उद्धार केला. जो तो आपापल्या नावाखाली उभा राहिला. रंगाऱ्यानं खळ शिजवली, लाल कागद कापले, शिडीवर चढला. खालून पंधरा तोंडांच्या सूचना: "डावीकडे घे! अरे, तो मी नव्हे, तो माझा आजोबा!" खळीचं भांडं कधी सरकारी बाईंच्या हातात गेलं, ते त्यांनाही कळलं नाही.

शेवटी त्यांनी खळीच्या बोटांनीच वही उघडली. "आजी, काय लिहू?"

"लिहा, उभं राहायला जागा नव्हती."

इमारत यादीत गेली. रस्ता वळसा घालून गेला. बावीस जणांनी रंगाऱ्याला दम भरला, की यापुढे कुणाचाही कागद निघेल तो त्याच्याच हातानं, आणि वेळ आल्यावरच.

तिसऱ्या ओळीतला कागद त्यानं सहा वर्षांनी काढला. लेकीच्या मुलाला त्याच महिन्यात शाळेत घातलं होतं. चावीवाल्या आजी आदल्या दिवशी सकाळी गेल्या होत्या.