फोटोखालचा शब्द

"जन्मतारीख नको टाकूस," छपाईच्या खिडकीतली बाई म्हणाली. "हल्ली कुणी टाकत नाही. नुसतं साल पुरे."

"तारीख टाका," इस्क्रा म्हणाली. "अकरा मार्च. जन्मगाव टाका. आणि पत्ताही."

"पत्ता? अगं पोरी, गेलेल्या माणसाला आता कोण पत्र घालणार?"

"तरी टाका. चौदा नंबरची इमारत, दुसरं दार, तिसरा मजला."

बाईनं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि टाइप करायला घेतलं. पडद्यावर काळी चौकट उमटली. चौकटीत बाबांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत नाव : स्तामेन इलिएव्ह गेर्जिकोव्ह.

मागच्या वर्षी याच खिडकीतून बाबांनी आईचं शोकपत्रक छापून घेतलं होतं. बल्गेरियातल्या या यांबोल गावात माणूस गेला की पत्रक घराच्या दारावर लागतं, बसथांब्यावर लागतं, आणि दर वर्षी त्याच तारखेला पुन्हा लागतं. आई गेल्याला वर्ष झालं, तेव्हाचा हा मजकूर बाबांनी स्वतः लिहिला. आईचं माहेरचं नाव, तिचं गाव, तिची शाळा. खाली शोकाकुल पती स्तामेन आणि मुलगी इस्क्रा.

आठ दिवसांनी त्यांना फोन आला. माणूस पेन्शन कचेरीतून बोलत होता. बायकोमागे नवऱ्याला मिळणारी वाढ अडकली होती. त्याला आईचं माहेर ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं. "इस्क्राबाईंनीच अर्ज केलाय," तो म्हणाला. बाबांनी ओळखपत्र मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. आधी पुढून, मग मागून. महिन्याभरात त्यांच्या नावावर चार फोन आणि तीन कर्जं निघाली.

ते नाव सोडवून आणायला इस्क्राला नऊ महिने लागले. पोलिसांत तक्रार, नवं ओळखपत्र, नोटरी, प्रत्येक कंपनीला पत्र आणि प्रत्येक पत्राची पोच. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर नमुना ओतून द्यायचा, हा तिथला नियम. घरासाठीही तिनं नियम केले.

"ओळखपत्र डब्यात राहील. अनोळखी माणसाला स्वतःचं नाव सांगायचं नाही. माझंही नाही. मी पाठवलंय असं कुणी म्हणालं, तर आधी आपला शब्द विचारायचा."

"आणि वर गेल्यावर देवानं नाव विचारलं तर?"

"त्यालाही आधी शब्द विचारा, बाबा."

बाबा खूप हसले. शब्द त्यांनीच निवडला. लहानपणी ते जी शेळी चारायला न्यायचे, तिचं नाव. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मोबाइल मात्र त्यांनी कपाटात टाकला तो टाकलाच. "तो चोराचा झालाय," म्हणायचे.

सप्टेंबरात ते बसनं समुद्रकाठच्या बुर्गासला मासे आणायला गेले आणि बसस्थानकावर कोसळले.

इस्क्राला त्या संध्याकाळी बुर्गासच्या एका नंबरावरून फोन आला. तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा तिनं तो नंबर बंद करून टाकला. मग बाबांच्या घरच्या फोनवर लावला. त्यांनी उचलला नाही. न उचलणं तिनंच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. डब्यात ओळखपत्र होतं, कपाटात मोबाइल होता, बाबा नव्हते. पोलिसांनी इस्पितळ शोधून काढलं तोवर चौथा दिवस उजाडला होता. बाबा पहाटेच गेले होते.

नर्सनं तिच्या हातात त्यांचा कोट दिला. खिशात चिठ्ठी होती. चिठ्ठीवर इस्क्राचा नंबर होता, नाव नव्हतं. कोटाला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : अज्ञात पुरुष, वय सुमारे सत्तर.

"शुद्धीवर होते का?" इस्क्रानं विचारलं.

"शेवटची रात्र सोडली तर होते. जीभ जड झाली होती, पण बोलत होते." नर्स तरुण होती. ती कोटाची बाही सरळ करत राहिली. "आम्ही म्हणायचो, आजोबा, नाव सांगा, घरी कळवतो. नाहीच. मग मी थाप मारली. म्हटलं, मला तुमच्या मुलीनं पाठवलंय. तर म्हणाले, पाठवलं असेल तर शब्द सांग."

इस्क्रानं चिठ्ठीची घडी घालून ती परत कोटाच्या खिशात ठेवली.

"आम्हाला वाटलं, भ्रमिष्ट झालेत. तरी मी ड्यूटीवर आले की एकेक शब्द सांगून बघायचे. भाकरी. आई. समुद्र. एकदा फुटबॉलच्या संघाचंही नाव घेतलं. ते मान हलवायचे, नाही म्हणून. मला म्हणाले, घाई नको, पोरी, विचार कर."

खिडकीतल्या बाईनं मजकूर वाचून दाखवला. नाव, तारीख, गाव, पत्ता. शोकाकुल मुलगी इस्क्रा. सगळं बरोबर होतं.

"आणि फोटोखाली?" बाई म्हणाली. "तिथं एक ओळ बसते. 'तुम्हाला विसरणार नाही' टाकू? सगळे तेच घेतात."

इस्क्रानं पावतीच्या पाठीवर एक शब्द लिहिला आणि खिडकीतून आत सरकवला.

बाईनं कागद उजेडाकडे धरला. "बेलुश्का?" तिनं मोठ्यानं वाचलं.

"बरोबर," इस्क्रा म्हणाली. "तुम्हाला त्यांनी सगळं सांगितलं असतं."